पगारवाढीत गेलेलं ईएसआय : एका मधुमेही कामगाराचं प्रकरण

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला हा मशीन ऑपरेटर. वय ४६, घरात बायको, दोन शाळकरी मुलं आणि ७१ वर्षांची आई. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, त्यातली शेवटची दोन वर्षं इन्शुलिनवर. आईलाही साखर आणि बीपी. ओळख पटू नये म्हणून नाव, कारखाना, रुग्णालय आणि काही बारीक तपशील इथे दिलेले नाहीत. कारखान्यातल्या त्यांच्या खात्यावर त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. कामगारांना विम्याच्या आणि पीएफच्या कागदपत्रांत मदत करण्याचं काम मी करतो. त्या कामात हे प्रकरण माझ्यापुढे आलं.

ऑगस्ट २०२४ पर्यंत या कुटुंबाचा औषधपाण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता. दादांचा पगार २०,४०० रुपये. त्यावर पाऊण टक्का म्हणजे १५३ रुपये ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेला, कापले जात, आणि मालक त्याच पगारावर सव्वातीन टक्के भरत असे. त्या बदल्यात ईएसआयच्या सेवा दवाखान्यातून दादांचं इन्शुलिन, सिरिंज, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि आईच्या गोळ्या मिळत. दरमहा रांगेत उभ्या राहायच्या त्या वहिनी. रांग लांब असे आणि कधीकधी एखादी गोळी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितली जाई. तरी महिन्याचा डबा भरून घरी येत असे. तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, होई. ऑगस्टमधला आकडा ७.४ होता. नऊ वर्षांचा मधुमेह आणि आलटूनपालटून रात्रपाळी, हे धरता तो वाईट नव्हता.

१ ऑगस्ट २०२४ पासून वेतनकरार लागू झाला आणि दादांचा पगार २१,९०० झाला. ईएसआयची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. १ जानेवारी २०१७ ला ती १५,००० वरून वाढवली, तेव्हापासून तीच आहे. मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, मूळ पगार आणि ठरलेले भत्ते धरतात. म्हणून आधीच्या काही महिन्यांत ओव्हरटाइममुळे हातात २३,००० आले तरी दादांचं ईएसआय चालू होतं. आता मात्र ठरलेला पगारच मर्यादेच्या पुढे गेला.

ऑक्टोबरच्या पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसली नाही. सूचनाफलकावर कागद लागला : ज्यांचं वेतन २१,००० च्या वर गेलं आहे त्यांची ईएसआय वजावट बंद, १ ऑक्टोबरपासून कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम लागू, विमा रक्कम तीन लाख, कर्मचारी, पती-पत्नी आणि दोन मुलं. खात्यावर आनंद होता. मेडिक्लेम म्हणजे खासगी हॉस्पिटल, एसी खोली, कार्ड दाखवलं की काम झालं, अशीच सगळ्यांची समजूत होती. दादांनाही बरंच वाटलं होतं.

त्या कागदावरची एकही ओळ खोटी नव्हती. पण दोन गोष्टी त्यावर नव्हत्या, आणि पुढचे सहा महिने त्या दोन गोष्टींनी खाल्ले. पहिली अशी, की ग्रुप मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतो. रोजचं इन्शुलिन, गोळ्या, डॉक्टरची फी, रक्ततपासणी यांचं तो काही देत नाही, त्यासाठी ओपीडीचं वेगळं कलम घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती, तिच्याकडे नंतर येतो.

मधुमेही माणसाच्या वर्षभरातल्या उपचाराचा मोठा भाग हॉस्पिटलच्या बाहेर होतो. सकाळची सुई, जेवणाआधीची गोळी, पायाची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन. हे नीट झालं तर हॉस्पिटलची पायरी चढावी लागत नाही. ईएसआय हे सगळं देत होतं आणि आईवडिलांनाही देत होतं. आईवडिलांचं स्वतःचं उत्पन्न महिना ९,००० रुपयांच्या आत असेल तर ते अवलंबित म्हणून कार्डावर येतात. मेडिक्लेममध्ये आई नव्हती. म्हणजे पगारवाढीच्या एका कागदाने घरातल्या दोन मधुमेही माणसांचं रोजचं औषध बंद झालं, आणि त्याच्या जागी जे आलं ते त्यांच्यापैकी एकालाच, तेही आजारपण बिघडल्यावर, उपयोगी पडणार होतं.

वहिनींनी वहीत खर्च लिहून ठेवला होता. तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा हिशेब करायला वेळ लागला नाही. दादांच्या इन्शुलिनच्या तीन बाटल्या ४८० रुपये, सिरिंज २२०, गोळ्या २६०. आईच्या गोळ्या १,३४०, कारण खासगी डॉक्टरने तिला नवीन ब्रँडच्या जोडगोळ्या लिहून दिल्या होत्या. दोघांची दर दोन महिन्यांनी डॉक्टरची फी, महिन्याला सरासरी ४००. तपासण्या सरासरी ३००. बेरीज तीन हजार. पगार वाढला होता दीड हजाराने, आणि ईएसआयचे १५३ रुपये वाचले होते.

इन्शुलिनची बाटली आणि पेनाची नळी

पैशाची ओढाताण सुरू झाली की माणूस औषधात काटकसर करतो, हे नेहमीचं आहे. इथे त्याआधीच एक वेगळा अपघात झाला. तो मी सविस्तर लिहितो, कारण विमा बदलला की असला धोका निर्माण होतो हे डॉक्टरही अनेकदा बोलून दाखवत नाहीत.

दवाखान्यातून दादांना मिळणारं इन्शुलिन ४० युनिटचं होतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १० मिलिची बाटली. सिरिंज लाल टोपणाची, तिच्यावरच्या रेघा ४० युनिटच्या हिशेबाने आखलेल्या. दादा सकाळी २० आणि रात्री १४ युनिट घेत. दोन वर्षांत त्यांच्या डोक्यात हे असं बसलं होतं : सकाळी विसाच्या रेघेपर्यंत, रात्री चौदाच्या.

नोव्हेंबरमध्ये ते खासगी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पेन वापरा म्हटलं, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होतं. पेनची सुई बारीक, डोस मोजायला सोपा, पाळीवर डब्यात न्यायला सोयीचा. पेनात बसणाऱ्या तीन मिलिच्या नळ्या लिहून दिल्या. पण पेन विकत घ्यायचं दादांनी पुढच्या महिन्यावर ढकललं. घरी लाल टोपणाच्या सिरिंजा शिल्लक होत्या. त्यांनी नळीच्या रबरातून सुई घालून नेहमीसारखं विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं.

नळीतलं इन्शुलिन १०० युनिटचं असतं. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाची रेघ म्हणजे अर्धा मिलि. ४० च्या बाटलीतून ओढलं तर त्यात २० युनिट येतात, १०० च्या नळीतून ओढलं तर ५०. अडीच पट डोस गेला. दुपारी मशीनवर असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. शेजारच्या ऑपरेटरच्या वडिलांना साखर होती, म्हणून त्याला काय होतंय ते कळलं. त्याने कँटीनमधून साखर आणून पाण्यात कालवून पाजली आणि दादांना प्रथमोपचार खोलीत नेलं. तो शेजारी नसता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

घोटाळा कुठे झाला हे वहिनींनी शोधून काढलं. नळीवरचा १०० हा आकडा आणि रिकाम्या बाटलीवरचा ४० हा आकडा त्यांनी शेजारीशेजारी ठेवून पाहिला आणि औषधवाल्याला जाऊन विचारलं. औषधवाला म्हणाला, "ताई, याची सिरिंजच वेगळी येते, केशरी टोपणाची. ही नळी तर पेनाचीच आहे, सुईने ओढायचीच नाही." नळी देताना मात्र काउंटरवर कुणी काही विचारलं नव्हतं. आता बाजारात १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात, त्यामुळे नुसतं बाटली आहे की नळी एवढं पाहून भागत नाही. लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही एकच आहेत ना, ते पाहावं लागतं. औषध मिळायचं ठिकाण बदललं की हे पहिल्याच दिवशी करावं, आणि डॉक्टरला जुनी बाटली, जुनी सिरिंज दोन्ही नेऊन दाखवावी.

या प्रसंगानंतर दादांनी इन्शुलिनचा धसका घेतला. "मशीनवर हात गेला असता," एवढंच ते म्हणत. डिसेंबरपासून त्यांनी सुई जवळजवळ सोडली आणि गोळ्यांवर राहिले. घरी सांगत, घेतो म्हणून. ज्याच्या हाताखाली प्रेस चालते त्याला साखर उतरण्याची भीती साखर चढण्यापेक्षा मोठी वाटणारच. या ठिकाणी त्यांना कुणीतरी समजावून, डोस पुन्हा बसवून द्यायला हवा होता. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे ४०० रुपये आणि एक खाडा. ते गेले नाहीत.

मार्चमधलं बिल

फेब्रुवारीच्या शेवटी सेफ्टी शूज घासून उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली होती, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून पाहिलं नाही. मोज्याला पू लागलेला वहिनींनी धुताना पाहिला, तोवर पाय घोट्यापर्यंत लाल होऊन सुजला होता. मार्च २०२५ मध्ये त्यांना खासगी रुग्णालयात दाखल केलं. एचबीए१सी १०.१. जखम साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली, शिरेतून प्रतिजैविकं दिली. बोट वाचलं.

इथे मेडिक्लेम खरोखर उपयोगी पडला, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट होते, म्हणून मधुमेहाचं कारण दाखवून दावा अडला नाही. कॅशलेस मंजुरीही त्याच दिवशी आली. तरी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर २७,००० रुपये भरावे लागले आणि त्यासाठी वहिनींनी बचतगटातून उचल घेतली.

हे २७,००० का भरावे लागले, ते बिल हातात घेऊन आम्ही ओळीओळीने पाहिलं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. दाखल करताना जनरल आणि दोन खाटांची खोली दोन्ही भरलेल्या होत्या, म्हणून ४,५०० ची खोली मिळाली. सहा दिवसांचं भाडं २७,०००, त्यातले १८,००० मंजूर, ९,००० खिशातून. एवढ्यावर थांबत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियेची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. ३,००० भागिले ४,५०० म्हणजे दोन तृतीयांश. हा खर्च ४२,००० होता, मंजूर झाले २८,०००, गेले १४,०००. औषधं आणि तपासण्या मिळून ३१,००० होते. त्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, तसा विमा नियामकाचा नियमच आहे, आणि ते पूर्ण मिळाले. उरलेले ४,००० ग्लोव्हज, डायपर, नोंदणी शुल्क असल्या न मिळणाऱ्या बाबींचे. एक लाख चार हजारांच्या बिलात सत्त्याहत्तर हजार विमा कंपनीने दिले.

खोली भरलेली असताना महागडी खोली घ्यावी लागली, तर रुग्णालयाकडून तसं लेखी घ्यावं आणि विमा कंपनीला त्याच वेळी कळवावं. कपात टळेलच असं नाही, पण नंतर तक्रार करायला आधार राहतो. दादांकडे तसा कागद नव्हता, म्हणून आम्ही ती लढाई लढलो नाही.

३० जून ही तारीख

एप्रिलमध्ये दादा माझ्याकडे आले ते मेडिक्लेमच्या कपातीचं विचारायला. ईएसआयचा विषय त्यांच्या लेखी ऑक्टोबरमध्येच संपला होता. मी त्यांचा विमा क्रमांक घेतला, ईएसआयसीच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनने पात्रता पाहिली, आणि वर म्हटलेली दुसरी गोष्ट समोर आली. वैद्यकीय लाभ ३० जून २०२५ पर्यंत चालू होता.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ईएसआयमध्ये वर्गणीचे दोन कालखंड आहेत : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्येकाला जोडलेला लाभाचा कालखंड नंतर येतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. पगार मर्यादेच्या पुढे मध्येच गेला तरी चालू वर्गणी कालखंड संपेपर्यंत कपात होत राहते. म्हणून दादांची कपात ऑगस्टमध्ये न थांबता सप्टेंबरअखेरपर्यंत झाली. त्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पुढचा लाभ कालखंड मिळतो. दादांची ती भरली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ हे महिने त्याआधीच्या (मार्च २०२४ ला संपलेल्या) कालखंडाच्या वर्गणीवर, आणि जानेवारी ते जून २०२५ हे एप्रिल-सप्टेंबर २०२४ च्या वर्गणीवर. म्हणजे कपात थांबल्यानंतरचे पूर्ण नऊ महिने दादा, वहिनी, मुलं आणि आई ईएसआयच्या छत्राखाली होते. इन्शुलिन मिळत होतं, लाल टोपणाची सिरिंज मिळत होती, पाय बिघडल्यावर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात दाखल होता आलं असतं. कपात बंद झाली आणि लाभ बंद झाला या दोन वेगळ्या तारखा आहेत, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सूचनाफलकावरच्या त्या कागदात एक ओळ वाढवली असती तर नोव्हेंबरमध्ये बाटली बदलायची वेळ आली नसती.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मनुष्यबळ विभागातल्या माणसाचं काम कपात बरोबर करणं होतं, ते त्याने केलं. मेडिक्लेमवाल्याने कार्ड वाटली. सेवा दवाखान्याला रोज शेकडो माणसं, एक कुटुंब यायचं बंद झालं हे तिथे कळणार कसं? माणूस एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जातो तेव्हा मधल्या जागेत त्याची जबाबदारी कुणावरच नसते. आणि मधुमेह त्या मधल्या जागेतही चालूच असतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादा पुन्हा सेवा दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सातपूरला पाठवलं. पायाची मलमपट्टी तिथे सुरू झाली, डोळ्याचा पडदा तपासला, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या तपासण्या झाल्या. इन्शुलिन पुन्हा ४० च्या बाटलीवर, कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवलं. त्यांच्या भीतीवर हाच इलाज होता. साखर उतरली तर काय करायचं हे दादांच्या बरोबरीने शेजारच्या ऑपरेटरलाही समजावून सांगितलं, आणि मशीनजवळच्या कपाटात ग्लुकोजची पुडी ठेवली.

बिनपगारी रजेचाही प्रश्न होता. आजारपणात ईएसआय सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत देतं. मार्चमधल्या दिवसांना ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हतं. एप्रिलमध्ये जे विश्रांतीचे दिवस उरले होते, त्यांचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्यांचे पैसे खात्यात आले. बचतगटाचा एक हप्ता त्यातून गेला.

जूननंतरची सोय

तारीख हातात आल्यामुळे अडीच महिने नियोजनाला मिळाले. जूनअखेर दोघांचीही औषधं, मात्रा आणि तपासण्यांचे निकाल एका कागदावर लिहून घेतले. डोस, इन्शुलिनची ताकद, सिरिंजचा प्रकार हे त्यात सगळ्यात वर.

दादांचं इन्शुलिन आणि गोळ्या जिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीतून सुरू झाल्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. अनेक नोकरदार तिकडे जात नाहीत, ते आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटतं. दादांनाही वाटत होतं. साठा संपला की एखादी बाटली बाहेरून घ्यावी लागते, तेवढं धरून चालायचं.

आईच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून ब्रँडच्या जोडगोळ्यांऐवजी सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन वेगवेगळ्या, जनऔषधी केंद्रातून घ्यायचं ठरलं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि जनऔषधीत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. आईचा गोळ्यांचा खर्च निम्म्याहून खाली आला. दाखल व्हायची वेळ आलीच तर तिच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मिळतात. आधार कार्ड लागतं. गोळ्यांचे पैसे मात्र तीही देत नाही. शिवाय घरात रेशनकार्ड असल्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंब बसतंच, तिथलं संरक्षणही आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. मार्चमध्ये हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

राहिला स्वतःच्या पॉलिसीचा प्रश्न. नोकरी सुटली की ग्रुप मेडिक्लेम संपतो. तेव्हा साठीच्या जवळचा, इन्शुलिनवरचा माणूस नवीन पॉलिसी घ्यायला गेला तर दार उघडणं कठीण. म्हणून ती आताच, ग्रुप मेडिक्लेम चालू असतानाच घ्यावी असं माझं मत होतं. एक एजंट घरी आला. त्याने फॉर्म भरताना सांगितलं, "दादा, साखरेचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. दोन वर्षं गेली की कोण विचारतंय!" वहिनींनी फॉर्म परत मागून घेतला. त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांत पायाचं, डोळ्याचं, मूत्रपिंडाचं काहीही निघालं, तर रुग्णालयाच्या पहिल्याच केसपेपरवर "मधुमेह, ९ वर्षं" असं लिहिलं जाणार. दावा गेला, पॉलिसी गेली, भरलेले हप्ते गेले. खरं सांगितलं तर काय होतं? जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ त्याहून जास्त ठेवता येत नाही. त्या काळात अपघात, डेंग्यू, अपेंडिक्स यांसारख्या आजारांना संरक्षण मिळतं, काही ठरावीक शस्त्रक्रियांना वेगळा प्रतीक्षाकाळ असतो तेवढा सोडून.

खरं सांगितल्यावर पहिल्या कंपनीने नकार दिला. इन्शुलिन आणि ताजी जखम, दोन्ही कारणं लेखी कळवली. दुसरीने सहा महिन्यांनी, एचबीए१सी आठच्या आत आल्यावर या म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ७.६ आला आणि पाच लाखांची वैयक्तिक पॉलिसी मिळाली, जादा प्रीमियमसह, मधुमेहासाठी ३६ महिन्यांच्या प्रतीक्षेसह. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्याने थोडा भार हलका झाला. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांचा फेरविचाराचा काळ असतो. त्यात आम्ही प्रस्तावाच्या प्रतीत मधुमेह, इन्शुलिन आणि मार्चचं दाखल होणं हे तिन्ही नीट नोंदलं आहे का, ते पाहून घेतलं. एजंट तोंडी ऐकतो आणि फॉर्मवर वेगळंच भरतो असं होऊ शकतं, म्हणून हे वाचणं टाळू नये. दादा निवृत्त होतील तेव्हा प्रतीक्षाकाळ आणि ६० महिने दोन्ही कधीच मागे पडलेले असतील.

ईएसआयचा जुना विमा क्रमांक आणि कार्ड दादांनी जपून ठेवलं आहे. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला महिना १० रुपये, वर्षाचे १२० एकदम भरून, वैद्यकीय सेवा मिळते. वेतनमर्यादा ओलांडल्यामुळे मध्येच बाहेर पडलेल्यांना हे मिळत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआयसीने हा नियम सैल केला. १ एप्रिल २०१२ नंतर विमाधारक असलेले आणि १ एप्रिल २०१७ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेले, ज्यांचं वेतन ३०,००० पर्यंत होतं, अशांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. दादांचा पगार निवृत्तीपर्यंत ३०,००० च्या पुढे जाईलच, त्यामुळे त्यांना याचा उपयोग होईल का, हे तेव्हाच्या मर्यादेवर ठरेल. पण त्यांच्याच खात्यावर निवृत्तीला दोन वर्षं उरलेले तिघे जण या नियमात बसतात, आणि त्यातल्या एकाने जुनं कार्ड रद्दीत दिलं होतं. विमा क्रमांक जुन्या पगारपत्रकावर सापडला.

हे प्रकरण जुन्या कायद्याखालचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग आता वेतनात धरला जातो. एकवीस हजारांच्या आसपास असलेल्या प्रत्येकाने आपलं वेतन नव्याने कसं मोजलं आहे ते कारखान्यात विचारावं, आणि आपल्या लाभाची शेवटची तारीख पोर्टलवर स्वतः पाहावी. लॉगिन जमत नसेल तर १८००-११-२५२६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येतं.

कारखान्यात १ ऑक्टोबर २०२५ ला ग्रुप पॉलिसीचं नूतनीकरण होतं. युनियनने तीन मागण्या दिल्या : खोलीभाड्याची मर्यादा वाढवा, आईवडिलांना घ्या, ओपीडीसाठी रक्कम द्या. पहिली मान्य झाली, मर्यादा दीड टक्का म्हणजे ४,५०० झाली. आईवडिलांसाठी कामगाराने स्वतः हप्ता भरून जोडण्याची सोय आली, ओपीडी नाकारली गेली. चौथी मागणी दादांची होती आणि तिला कंपनीचा एक रुपयाही लागणार नव्हता. ज्याचं ईएसआय बंद होईल त्याला मराठीत एक पत्र द्यायचं. त्यात कपात कधी थांबली, वैद्यकीय लाभ कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि विमा क्रमांक काय, एवढंच. ऑक्टोबरच्या पगाराबरोबर अशी पत्रं वाटली गेली.